फुलं उभी आहेत तोवर

माणसं अडचणीत सापडली की देव पाण्यात घालून बसतात. फ्रिजवाल्यानं फुलं पाण्यात घातली होती, आणि तो त्यांच्यासमोर असा बसला होता की देवांनाही वाटावं, आपल्यापुढे कधी कुणी इतक्या मनापासून बसलं नव्हतं.

फ्रिजवाला म्हणजे फ्रिज विकणारा नव्हे, दुरुस्त करणारा. लोकांच्या स्वयंपाकघरात जमिनीवर पालथं पडायचं, टॉर्च दातात धरायची, फ्रिजच्या पाठीमागे साचलेली दहा वर्षांची धूळ नाकात घ्यायची आणि उठून म्हणायचं, "कॉम्प्रेसर ठीक आहे, दाराचं रबर गेलंय." लोकांचं उरलंसुरलं उद्यापर्यंत टिकवणं हा त्याचा धंदा होता आणि त्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. फक्त स्वतःच्या घरात काहीतरी नासत चाललंय, हे त्याला वासावरून कळलं नाही. किल्लीवरून कळलं.

बायकोच्या जुडग्यात एक नवी किल्ली आली होती. कपाटाची किल्ली बुटकी असते, कुलपाची चपटी असते. ही लांब होती, तीन दातांची, म्हणजे दाराची. आणि त्यांच्या घराला दार एकच होतं. त्यानं जुडगा उचलला, किल्ली बोटावर फिरवून पाहिली आणि जुडगा होता तसा, होता त्याच कोनात टेबलावर ठेवून दिला. नंतर चहा प्यायला. चहात साखर होती की मीठ, हे त्याला आजही सांगता यायचं नाही.

पुढच्या आठवड्यात एका संध्याकाळी तो घरी आला तेव्हा बायको जेवणाच्या टेबलाशी बसली होती. समोर चहा नव्हता. फोन पालथा घातलेला होता. तिनं समोरच्या खुर्चीकडे बोट केलं.

"बस. मला तुझ्याशी बोलायचंय."

लग्न झाल्यापासून तिनं त्याला हजार वेळा ऊठ म्हटलं होतं. बस म्हटलेलं त्याला आठवत नव्हतं. त्याच्या पोटात बर्फाचा गोळा पडला. आणि बर्फाच्या बाबतीत तो उगाच काहीतरी बोलणारा माणूस नव्हता.

आता नशीब म्हणा की काय म्हणा, त्या दिवशी त्याच्या हातात फुलं होती. विकत आणलेली नव्हेत. एका हॉटेलचं थंड कपाट त्यानं ऐन समारंभाच्या दिवशी चालू करून दिलं होतं, म्हणून मॅनेजरनं खुशीत येऊन, दुसऱ्या दिवशी कचऱ्यात जाणारा गुच्छ आजच त्याच्या गळ्यात मारला होता. जरबेरा, गुलाब, दोन लिली, थोडी कार्नेशन आणि मागे उभी पांढरी शेवंती.

"मी..." बायकोनं सुरुवात केली.

पुढचा शब्द निघायच्या आत त्यानं स्टीलचा जग नळाखाली धरला, भरला, गुच्छ त्यात कोंबला आणि जग तिच्यासमोर ठेवला. पाणी टेबलभर सांडलं.

ती थांबली. फुलांकडे पाहिलं. मग त्याच्याकडे.

"मुद्दाम केलंस?"

"नाही."

"बरं," ती म्हणाली आणि उठून आत गेली.

याचं कारण असं, की त्या घरात एक नियम होता. घरात फुलं उभी आहेत तोवर भांडण काढायचं नाही. तक्रार नाही, टोमणा नाही, 'तू नेहमी असाच' नाही. आणि एकदा उभी केलेली फुलं गेली की गेली, मध्येच नव्यांची भर घालायची नाही. नियम बायकोच्या माहेरचा होता. तिचे आईवडील इतके भांडत की शेजारी जेवणाच्या वेळा त्यावर लावत. शेवटी कुणीतरी तो तह घडवून आणला, आणि त्या घरात फुलं असतील तेवढेच दिवस ती लहानपणी डोक्यावरचं पांघरूण काढून झोपायची. म्हणून लग्नात तिनं भांडीकुंडी कमी आणि तो नियम जास्त आणला. ती जग सोडेल, नियम सोडणार नाही, हे फ्रिजवाल्याला माहीत होतं.

आणि तिच्या नेमक्या त्याच लहानपणाला आपण आता मानगुटीला धरून बसलो आहोत, हेही त्याला कळत होतं. पण बुडत्याला काडीचा आधार असतो आणि याच्या हाती तर चांगले वीसेक देठ लागले होते.

नियमाची पंच म्हणजे सासूबाई. सासरे गेल्यावर त्या लेकीकडे चार दिवसांसाठी म्हणून आल्या होत्या. ते चार दिवस अजून संपायचे होते. रोज सकाळी चहा झाला की त्या चष्मा पुसायच्या, जगाजवळ यायच्या आणि एकेका फुलाला टिचकी मारायच्या. मान ताठ राहिली तर जिवंत. लटकली तर सासूबाई आवाज खाली आणून, डॉक्टर बाहेर येऊन नातेवाइकांना सांगतात तसं सांगायच्या.

"जरबेरा गेला."

"सगळेच?"

"सगळेच. तसे कालपासूनच नव्हते म्हणा."

"आई, तुम्ही जरा जोरात मारता टिचकी."

"जावईबापू, मी पंच आहे. पंचाला बाजू नसते."

"आणि ती..." त्याला प्रश्न पुरा करवेना. "ती गेलीच समजा, तर तुम्ही?"

"मी कुठे जाणार? मला इथल्या गादीची सवय झाली आहे."

म्हणजे बायको जाणार आणि सासूबाई राहणार. जगात माणसाचं काय काय होऊ शकतं याची फ्रिजवाल्यानं आजवर केलेली यादी त्या सकाळी फारच तोकडी ठरली.

तो फुलवालीकडे धावला. कोपऱ्यावरच्या दुकानात ती स्टुलावर बसून बादलीतल्या फुलांची खालची पानं ओरबाडत होती.

"फुलं टिकवायची आहेत."

"कधीपर्यंत?"

"कायमची."

तिनं वर पाहिलं. "काका, फुलं मेली तरच लोक परत येतात. तुम्ही माझ्या पोटावर पाय द्यायला आलात का?" पण त्याचा चेहरा पाहून तिला दया आली असावी. देठ तिरके कापा, पाण्याखाली धरून कापा म्हणजे आत हवा शिरत नाही. पाण्यात बुडणारी पानं काढून टाका, ती कुजतात. पाणी रोज बदला. चिमूटभर साखर, लिंबाचे दोन थेंब आणि कपडे पांढरे करायचं औषध एक थेंब. ऊन नको, पंखा नको. आणि पिकलेली फळं जवळ नकोत, त्यांच्या वाऱ्यानं फुलं माना टाकतात.

"आणि बोलावं लागतं का त्यांच्याशी?"

"फुलांशी?"

"हो."

"मी तर नवऱ्याशीसुद्धा बोलत नाही," ती म्हणाली.

त्या दिवसापासून घरात केळी बंद झाली. सफरचंद आणणाऱ्याला दारातून परत पाठवण्यात आलं. जेवणाच्या खोलीतला पंखा त्यानं वायर तोडूनच बंद केला, म्हणजे चुकून बटण दाबलं तरी धोका नको. पडदे शिवून टाकले. सकाळी कामावर जायच्या आधी तो टबात पाणी भरून, बाह्या वर सारून, पाण्याच्या आत कात्री धरून देठांची टोकं नखाएवढी कापायचा. बायको मागून पाणी प्यायला यायची, क्षणभर उभी राहायची, ग्लास विसळायची आणि चष्म्याच्या दुकानात कामाला निघून जायची. ती तिथे लोकांची नजर तपासायची. दिवसभर काचा बदलत विचारायची, हे नीट दिसतं की हे? आता? आणि आता? समोरच्याला किती कमी दिसतं, हे तिला पाव नंबरापर्यंत कळायचं.

आणि ती बोलायची नाही. म्हणजे मीठ दे म्हणायची, गॅसवाला येऊन गेला म्हणायची. पण तो 'मी' तिथेच टेबलावर अडकून पडला होता. फ्रिजवाला लोकांच्या फ्रिजमागे पालथा पडल्या पडल्या त्या 'मी'ला शेपट्या लावून बघायचा. मी चहा टाकते. मी केस कापू म्हणते. मी पोहायला शिकायचं ठरवलंय. एकही शेपटी बसायची नाही. बसायची ती एकच, आणि ती आली की तो उठून कारण नसताना थर्मोस्टॅट फिरवायचा. त्या आठवड्यात निम्म्या वस्तीची अंडी गोठून फुटली. एका म्हातारबुवांनी फोन करून सांगितलं की त्यांची कवळी दह्यात अडकून बसली आहे. ती दह्यात का ठेवली होती, हे त्यानं विचारलं नाही. तसा तो कुणालाच काही विचारणारा माणूस नव्हता.

गुलाब गेले. लिली गेल्या, त्या जाताना टेबलावर पिवळे डाग पाडून गेल्या. कार्नेशन एकेक करून, कुणाला त्रास न देता गेली. शेवंतीचा एकच देठ राहिला. त्याला एकच फूल होतं, वाटीएवढं पांढरं.

मग त्यानं चूक केली. खालच्या बाजूची एक पाकळी तपकिरी दिसली तेव्हा त्याचं धाबं दणाणलं. तो फुलवालीकडे गेला, अगदी तसंच पांढरं, तेवढंच मोठं फूल निवडलं आणि जुनं खिशात घालून नवं जगात उभं केलं. सासूबाईंनी टिचकी मारली, पास केलं. त्यांना चष्मा होताच, पण तो त्या पुसण्यापुरताच वापरायच्या.

संध्याकाळी बायको आली. चप्पल काढता काढता लांबूनच म्हणाली, "हे नवीन आहे."

"नाही."

"कालच्याची डावीकडची पाकळी मुडपलेली होती. तिच्याखालची दोन जरा आखूड. मधला पिवळा भाग एवढा मोठा नव्हता."

फ्रिजवाल्यानं खिशात हात घातला आणि चुरगळलेली जुनी शेवंती बाहेर काढली. तिची मान अजून जागेवर होती. त्यानं नवं काढून जुनं परत ठेवलं. त्याच्या मनात राहून राहून एकच येत राहिलं. ही रोज त्या फुलाची पाकळी न् पाकळी बघते आहे. कैदी भिंतीवरच्या रेघा बघतो तशी.

तेव्हापासून त्याचं डोकं ठिकाणावर राहिलं नाही. असंही म्हणता येईल की ते फार वर्षांनी ठिकाणावर आलं आणि ते ठिकाणच चुकीचं होतं. त्यानं विचार केला, की मी आहे कोण? फ्रिजवाला. जे टिकवायचं ते कुठे ठेवायचं असतं?

त्यानं शेवंती फ्रिजमध्ये ठेवली. सासूबाईंनी सकाळी निकाल दिला, "चालणार नाही. फूल टेबलावर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पाहिजे. फ्रिजमध्ये ठेवलेल्याला फूल म्हणत नाहीत, भाजी म्हणतात."

"म्हणजे फूल फ्रिजमध्ये चालणार नाही."

"नाही."

"पण टेबल फ्रिजमध्ये असेल तर?"

सासूबाईंनी आयुष्यात बरेच निकाल दिले होते, पण असा प्रश्न त्यांच्यापुढे आला नव्हता. "त्याला काही हरकत दिसत नाही," त्या म्हणाल्या. आणि तिथेच घात झाला.

बंद पडलेल्या एका आइस्क्रीमच्या दुकानातलं थंड हवेचं यंत्र त्याच्या गाळ्यात धूळ खात पडलं होतं. ते त्यानं हातगाडीवर घालून आणलं. जेवणाच्या खोलीच्या खिडकीची काच काढून तिथे बसवलं, फटींत फोम कोंबला, दाराला रबर लावलं, आणि दुपारपर्यंत त्या घरात असा एक फ्रिज तयार झाला ज्यात सहा खुर्च्या, एक टेबल, भिंतीवरचं घड्याळ आणि सासूबाई मावत होत्या.

शेवंतीला ती हवा फार मानवली. तपकिरी पाकळी होती तिथेच थांबली. फूल असं ताठ उभं राहिलं की जणू त्यालाच घर भाड्यानं दिलंय आणि बाकीचे पाहुणे आहेत.

माणसांचं एवढं बरं नव्हतं. जेवताना तिघंही कोट घालून बसायची. बोलायला तोंड उघडलं की वाफ यायची, म्हणून निदान कोण बोललं नाही, हे स्पष्ट दिसायचं. लोणी कापायला त्यानं छोटी करवत आणून ठेवली. वरच्या मजल्यावरचे काका वर्तमानपत्र घेऊन यायला लागले, कारण बाहेर उकडत होतं. ते कोपऱ्यात बसायचे आणि जाताना म्हणायचे, "तुमच्या घरात काय शांतता आहे हो! आमच्याकडे नुसती कटकट."

आणि एका संध्याकाळी फ्रिजवाल्यानं बायकोकडे नीट पाहिलं. ती उकडलेलं अंडं खात होती. तिचा चमचा बशीवर वाजत होता. टिक टिक टिक. ती वाजवत नव्हती, तो वाजत होता. तिचे ओठ निळे पडले होते. तिनं दुसऱ्या हातानं मनगट धरून चमचा थांबवला.

"थंडी वाजतेय," ती म्हणाली.

ही तक्रार होती का? सासूबाईंनी भुवया वर केल्या. नाही, ही हवामानाची माहिती होती. चालेल.

फ्रिजवाला उठला. बायकोनं त्याच्याकडे पाहिलं आणि मग यंत्राच्या बटणाकडे. त्याला ती नजर दिसली. तो बटणाजवळ गेला, एक क्षण थांबला, त्याला ओलांडून बाहेर गेला आणि आतल्या खोलीतून कानटोपी घेऊन आला.

त्यानं ती तिच्यापुढे ठेवली.

बायको कानटोपीकडे बराच वेळ बघत राहिली. मग तिनं ती घातली, अंडं संपवलं, बशी उचलली आणि आत गेली. आतून कपाटाच्या वरची सुटकेस खाली काढल्याचा आवाज आला. सुटकेस भरायला नियमाची मनाई नव्हती.

सासूबाई शालीत बसल्या होत्या. नाकाचं टोक फक्त बाहेर होतं.

"आमच्या ह्यांनी एकदा कुंडी आणली होती," त्या म्हणाल्या.

"कसली कुंडी?"

"जास्वंदाची. तेव्हा नियमात कुंडीचं काही लिहिलेलं नव्हतं. मला ह्यांना एक गोष्ट सांगायची होती. अगदी जिवाला लागलेली गोष्ट होती. ते समजून चुकले आणि कुंडी घेऊन आले. जावईबापू, ती कुंडी चार वर्षं जगली. एक फूल मिटलं की दुसरं तयार."

"मग?"

"मग एका उन्हाळ्यात मेली. मी ह्यांना समोर बसवलं. तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं, की आता सांगायला काही उरलंच नाही. चार वर्षं आत ठेवून ठेवून ते सगळं विझून गेलं होतं. रागही विझला आणि त्याच्याबरोबर ह्यांच्याबद्दलचं जे काही होतं तेही विझलं. समोर माणूस नव्हता. नुसता नवरा बसला होता." त्यांनी शाल नाकावर ओढली. "त्यानंतर आमच्यात एकदाही भांडण झालं नाही. लोक म्हणायचे, काय जोडी आहे!"

यंत्र घरघरत होतं. फ्रिजवाला उठला आणि त्यानं बटण बंद केलं. दाराचं रबर ओढून काढलं. शिवलेले पडदे टरटर उसवले. खिडकीतून ते धूड आत ओढून घेतलं तेव्हा त्याच्या पाठीत काहीतरी कटकन मोडलं, पण तिकडे बघायला त्याला वेळ नव्हता. बाहेरचा गरम वारा आत आला आणि शेवंतीच्या तोंडावर बसला.

शेवंती हलली नाही.

तो वाट बघत बसला. सकाळी सासूबाईंनी टिचकी मारली. "उभी आहे," त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज जरा पडलेला वाटला.

आता त्याला ते फूल मरायला हवं होतं. तोडायचं नाही, फेकायचं नाही, असं नियमातच होतं, ते पूर्वी कुणीतरी करून झालं होतं. त्यानं जगासकट टेबलच खिडकीशी उन्हात ओढलं. पंख्याची वायर जोडली आणि पंखा पाचावर सोडला. साखर बंद, लिंबू बंद, पाणी बदलणं बंद. पाठ धरून बाजारात जाऊन अतिपिकलेली, काळ्या ठिपक्यांची केळी आणली आणि फुलाभोवती चहूबाजूंनी मांडली. मग त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसला. दिवसभर फोन वाजत होता. लोकांचं दूध नासत होतं. त्यानं एकही उचलला नाही.

"मर ना," तो फुलाला म्हणाला. "मर की. तुला काय कमी केलं मी?"

केळी काळी पडत गेली. शेवंती उन्हात न्हाऊन निघाल्यासारखी दिसत होती. तळहातावरच्या फोडासारखं जपलं तेव्हा रोज मरणाच्या दारात होती आणि आता हाकलतोय तर बया दार सोडायला तयार नव्हती. फ्रिजवाल्याला हसू येईना, रडू येईना. त्यानं कपाळ टेबलावर टेकलं. केळ्यांचा गोड, आंबूस वास नाकात भरला. आतून सुटकेसची चेन ओढल्याचा आवाज आला. एकदा अडकली, परत ओढली, लागली.

बायको बाहेर आली. पायात चप्पल होती. तिनं खिडकीजवळचा तो देखावा पाहिला. केळ्यांच्या घोळक्यात मधोमध उभी शेवंती, वर गरगरणारा पंखा आणि टेबलावर डोकं टेकलेला नवरा.

"काय करतोयस?"

"मारतोय तिला."

"कशाला?"

"तुला बोलता यावं म्हणून. बोल ना. तसंच बोल."

"ते उभं आहे."

"उभं असू दे!"

"नाही," ती म्हणाली. तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता. "नाही येत मला. मला नाही जमत ते. मी चिठ्ठी लिहिणार होते, पण तीसुद्धा तक्रारच झाली असती. म्हणून मी तशीच निघाले आहे."

सुटकेस तिच्या हातात होती. दार चार पावलांवर होतं. फ्रिजवाल्यानं टेबलावर हात रेटले. उठावं म्हटलं तर पाठ उठू देईना. वर्षानुवर्षं त्यानं न उघडताच हजार गोष्टी ओळखल्या होत्या, आवाजावरून, वासावरून, हात लावून. आत्ता त्याच्याजवळ काहीच नव्हतं.

"मी विचारलं तर?" तो म्हणाला.

"काय?"

"तू बोलायचं नाहीस. पण मी विचारलं तर? आई! विचारायला मनाई आहे का?"

सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. नियमाचे सगळे कोपरे मनातल्या मनात चाचपून पाहिले. माहेरचं घर, जास्वंदाची कुंडी, सगळं.

"नाही," त्या सावकाश म्हणाल्या. "तक्रारीला मनाई आहे. विचारायला नाही. कधीच नव्हती." आणि मग जरा वेळानं, जणू स्वतःलाच, "कुणी विचारलंच नाही, म्हणून लक्षात नाही आलं."

बायको सुटकेस धरून उभी राहिली.

फ्रिजवाल्याला विचारायची सवय नव्हती. पहिला प्रश्न तोंडातून निघाला तो गंजलेल्या नळातून निघाल्यासारखा.

"खोली... खोलीला खिडकी आहे का?"

तिनं त्याच्याकडे पाहिलं. खोलीबद्दल तिनं चकार शब्द काढलेला नव्हता. "तुला माहीत होतं?"

"किल्ली दिसली होती."

"कधी?"

"हा सगळा प्रकार सुरू व्हायच्या आधी."

"आहे खिडकी," ती म्हणाली. "मागच्या बाजूला. समोर भिंत आहे."

"ऊन येतं?"

"सकाळी थोडं."

"ओल?"

"एका कोपऱ्यात."

"पाणी?"

"नळ गळतो रात्रभर."

"वायसर गेला असेल," तो पटकन म्हणाला आणि लगेच जीभ चावली. तो प्रश्न नव्हता.

"जावईबापू," सासूबाई म्हणाल्या, "खोलीची चौकशी झाली. आता विचारा."

त्याला कळलं त्या काय म्हणत आहेत. फ्रिजची मागची पट्टी उघडली की बाहेरून दिसतो त्यापेक्षा मोठा बिघाड निघतो, हे त्याला आयुष्यभराच्या कामानं शिकवलं होतं. म्हणून तो गिऱ्हाइकांच्या फ्रिजची पट्टी उघडायचा आणि घरात कशालाही हात लावायचा नाही. त्यानं टेबलाची कड धरली.

"का?" तो म्हणाला.

पंखा पाचावर फिरत होता. बायकोनं सुटकेस खाली ठेवली नाही, पण दुसऱ्या हातात घेतली.

"मागे मी दुकानात चक्कर येऊन पडले होते. आठवतं?"

"हो."

"कपाळाला टाके पडले होते. मी रिक्षातून एकटी घरी आले. तू दार उघडलंस, टाक्यांकडे पाहिलंस, आत गेलास आणि बर्फ घेऊन आलास. फडक्यात बांधून, अगदी नीट."

"हो."

"काय झालं, असं विचारलं नाहीस. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. टाके काढले तेव्हासुद्धा नाही. मी दिवसभर लोकांना विचारते. हे दिसतं का, ते दिसतं का, आता बरं वाटतं का? अनोळखी माणसांना विचारते रे. आणि घरी आले की..." ती थांबली. तक्रारीच्या फार जवळ आली होती. तिनं शेवंतीकडे पाहिलं, मग आईकडे. आईनं होकारार्थी मान हलवली. विचारलेल्याचं उत्तर होतं हे.

"मला वाटलं," फ्रिजवाला म्हणाला, "विचारलं तर काहीतरी मोठं निघेल."

"निघालं असतं."

"काय?"

"काय, काय?"

"काय निघालं असतं?" तो म्हणाला. आता प्रश्न एकामागून एक यायला लागले, त्याला आवरेनात. "चक्कर का आली होती? डॉक्टर काय म्हणाले? तू कुणाला सांगितलंस? रिक्षात रडलीस का? एकटी का आलीस, मला का नाही बोलावलंस? बोलावलं असतंस तर मी आलो असतो का? तुला काय वाटतं, आलो असतो?"

"अरे हळू," ती म्हणाली. "किती प्रश्न आहेत?"

"खूप आहेत."

"सगळे आजच?"

"मला नाही माहीत," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते आणि पाठ मोडल्यामुळे त्याला धड सरळही होता येत नव्हतं. "तू किती वेळ थांबशील, ते मला माहीत नाही. ते पण विचारायचंच आहे."

फोन पुन्हा वाजायला लागला. कुणाचं तरी काहीतरी वितळत होतं. तो वाजून वाजून बंद पडला.

बायकोनं सुटकेस दाराशी टेकवून ठेवली. खुर्ची ओढली, पण त्याच्यासमोर नाही, दाराच्या बाजूला, आणि तिच्या कडेवर बसली. तिनं एक चप्पल काढली. दुसरी पायातच राहू दिली.

"चक्कर आली, कारण मी दोन दिवस जेवले नव्हते," ती म्हणाली. "आता विचार, का."